गावोगावच्या वृत्तपत्रांचा मालक

मोठ्या शहरांतील वृत्तपत्रे देशोदेशींच्या घडामोडी छापतात. राष्ट्राराष्ट्रांतील तह, मंत्र्यांची भाषणे, दूरच्या लढाया यांची हकीकत त्यांतून वाचावयास मिळते. परंतु लहान गावातील माणसाला एवढ्याने पुरे होत नाही. आपल्या नगरसभेने कोणता नवा कर बसविला, शाळेच्या संघाने सामना जिंकला की हरला, कोणाच्या घरी लग्न ठरले, कोणत्या दुकानी कोणता माल आला, हेही त्याला जाणून घ्यावेसे वाटते. या बातम्या राजधानीतील वृत्तपत्रात सापडत नाहीत. त्या गावच्याच वृत्तपत्रात सापडतात. अशी लहान लहान वृत्तपत्रे एकेक करून विकत घेत एक कर्जबाजारी फिरता विक्रेता शेवटी जगातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्र-मालकांपैकी एक झाला. रॉय हर्बर्ट थॉमसन हे त्याचे नाव.

रॉयचा जन्म ५ जून १८९४ रोजी कॅनडा देशातील टोरोंटो या शहरी झाला. त्याचे पूर्वज स्कॉटलंडहून येऊन कॅनडात स्थायिक झाले होते. वडील एका हॉटेलात केशकर्तनाचे काम करीत. मिळकत बेताची होती व घरात प्रत्येक नाणे जपून वापरावे लागे. काटकसरीचा हा धडा रॉयने लहानपणी गिरविला आणि तो जन्मभर विसरला नाही. त्याची दृष्टी मात्र फार अधू होती. जाड भिंगांचा चष्मा लावल्यावाचून त्याला नीट दिसत नसे. त्यामुळे मैदानावरील खेळांत त्याला फारशी गती नव्हती. आकडेमोडीत मात्र त्याची बुद्धी चटकन चाले.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली व जमाखर्च शिकविणाऱ्या एका विद्यालयात नाव घातले. फी देण्यास पैसे नव्हते. म्हणून त्याने त्याच विद्यालयात झाडलोटीचे काम पत्करले आणि त्या मोबदल्यात शिक्षण घेतले. पुढे त्याला कारकुनाची नोकरी लागली. आठवड्याचा पगार होता पाच डॉलर. इतर मुले खेळण्यात वेळ घालवीत त्या वयात रॉय दुसऱ्याच्या वह्यांतील जमा व खर्च यांचे आकडे जुळवीत होता. धंदा कोठे तरतो आणि कोठे बुडतो, हे त्याला या वह्यांनीच प्रथम शिकविले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. रॉयने सैन्यात जाण्याची खटपट केली. पण अधू दृष्टीमुळे त्याला परदेशी रणांगणावर जाता आले नाही. १९१६ साली एडना अर्व्हिन या तरुणीशी त्याचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुली व केनेथ नावाचा एक मुलगा झाला. संसार वाढला, तशी पैशाची गरजही वाढली. आपण स्वतंत्र धंदा करून श्रीमंत व्हावे, ही थॉमसन यांची महत्त्वाकांक्षा होती व ती ते कोणापासून लपवूनही ठेवीत नसत.

परंतु यश सहजासहजी हाती येत नव्हते. युद्ध संपल्यावर त्यांनी पश्चिम कॅनडाच्या सपाट प्रदेशात जाऊन शेती करून पाहिली. शेतीचा अनुभव नव्हता; तो बेत फसला. मग त्यांनी मोटारींचे सुटे भाग विकण्याचा धंदा काढला. तो काही दिवस बरा चालला. पण ओटावा शहरात त्याला खोट आली आणि शेवटी तोही बुडाला. वयाची तिशी उलटून गेली, डोक्यावर कर्ज झाले आणि हाती काहीच उरले नाही. अशा वेळी पुष्कळ माणसे खचून जातात. थॉमसन खचले नाहीत. कोणता धंदा का बुडाला, याचा हिशेब त्यांनी मनाशी मांडला आणि ते पुन्हा कामाला लागले.

त्या काळी रेडिओ ही नवी वस्तू होती. थॉमसन यांनी रेडिओ विकण्याचे काम पत्करले. चांगली चांगली शहरे आधीच इतर विक्रेत्यांनी वाटून घेतली होती. ऑन्टारिओ प्रांताचा उत्तरेकडील ओसाड व थंड भाग तेवढा शिल्लक होता. तेथे दाट अरण्ये, असंख्य सरोवरे आणि मधून मधून खाणकामगारांची व लाकूडतोड्यांची गावे होती. हिवाळ्यात सारा मुलूख बर्फाखाली जाई. १९२८ च्या सुमारास थॉमसन कुटुंबासह या भागातील नॉर्थ बे या गावी राहावयास गेले. हे गाव टोरोंटोच्या उत्तरेस सुमारे ३५० किलोमीटरवर आहे. मोटारीत रेडिओ घालून ते खराब रस्त्यांनी गावोगाव हिंडू लागले.

लवकरच त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. दाखविण्यासाठी रेडिओ सुरू करावा, तर त्यातून खरखर ऐकू येई. नभोवाणीची केंद्रे फार दूर होती. त्यांचे कार्यक्रम त्या डोंगराळ भागात धडपणे पोहोचत नसत. ज्या यंत्रातून गाणे ऐकू येत नाही, ते यंत्र पैसे देऊन कोण घेणार? दुसऱ्या विक्रेत्याने आपला माल बांधला असता व तो चांगल्या मुलखाच्या शोधात निघाला असता. थॉमसन यांनी निराळाच विचार केला. गावात नभोवाणी केंद्र नसल्यामुळे रेडिओ खपत नसेल, तर गावात केंद्र काढावे, असे त्यांनी ठरविले.

त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. तरीही त्यांनी खटपट करून सुमारे २०० डॉलरमध्ये ध्वनिक्षेपणाचे यंत्र आणि परवाना यांची व्यवस्था केली. ३ मार्च १९३१ रोजी नॉर्थ बे येथील त्यांच्या केंद्रावरून पहिला कार्यक्रम प्रसारित झाला. यंत्राची शक्ती फार थोडी होती, पण आवाज स्पष्ट होता व तो आपल्याच गावातून येत होता. लोकांना याचे मोठे अप्रूप वाटले. रेडिओ खपू लागले. मग थॉमसन यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गावातील दुकानदारांना आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळवावयाची असते. त्यांच्या जाहिराती केंद्रावरून दिल्या, तर त्यांना गिऱ्हाईक मिळेल आणि केंद्राला पैसा मिळेल. ते स्वतः दुकानादुकानांतून फिरून जाहिराती मिळवू लागले. रेडिओ विकण्यासाठी काढलेले केंद्र हाच पुढे त्यांचा मुख्य धंदा झाला.

ते दिवस जगभर मोठ्या मंदीचे होते. कारखाने बंद पडत होते व लाखो माणसे बेकार झाली होती. तथापि उत्तर ऑन्टारिओतील काही गावांची स्थिती वेगळी होती. तेथे सोन्याच्या खाणी होत्या. इतर वस्तूंचे भाव पडले, तरी सोन्याला मागणी होतीच. १९३४ साली तर सोन्याचा भाव बराच वर चढला. त्यामुळे खाणकामगारांना वेळेवर पगार मिळत आणि गावच्या बाजारात पैसा खेळत राही. थॉमसन यांनी हे बरोबर हेरले. टिमिन्स हे सोन्याच्या खाणींचे असेच एक गाव होते. तेथे व जवळच्या कर्कलंड लेक येथेही त्यांनी नभोवाणी केंद्रे सुरू केली.

टिमिन्स येथे एक साप्ताहिक निघत असे. त्याचे नाव ‘टिमिन्स प्रेस’. १९३४ साली ते विक्रीस निघाले. थॉमसन यांना वृत्तपत्राचा काही अनुभव नव्हता. त्यांनी आयुष्यात कधी बातमी लिहिली नव्हती. परंतु त्यांनी विचार केला, तो असा: दुकानदार तेच, गिऱ्हाईक तेच आणि गावही तेच. नभोवाणीवर जाहिरात देणारा दुकानदार वृत्तपत्रातही जाहिरात देईल. त्यांनी २०० डॉलर रोख भरले, बाकीची रक्कम हप्त्याहप्त्याने फेडण्याचे कबूल केले आणि ते पत्र विकत घेतले. थोड्याच काळात या साप्ताहिकाचे दैनिक झाले. त्या वेळी थॉमसन चाळीस वर्षांचे होते. पुढे उभारलेल्या शेकडो वृत्तपत्रांच्या पसाऱ्याचे हे बीज होय.

गावचे वृत्तपत्र चालते कसे, हे येथे समजून घेतले पाहिजे. वाचक अंकासाठी जी किंमत देतो, तीत कागद, शाई, छपाई आणि बातमीदारांचे पगार हा सारा खर्च भागत नाही. तो खर्च मुख्यतः जाहिरातींच्या उत्पन्नातून निघतो. जाहिरात देणारा दुकानदार वाचकांची संख्या पाहतो. आणि अंकात आपल्या गावाची खरी हकीकत असली, तरच वाचक अंक घेतो. म्हणजे बातमी, वाचक व जाहिरात ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. एक कडी तुटली की सारी साखळी निकामी होते. थॉमसन यांना ही साखळी पुरी समजली होती. ज्या गावात एकच वृत्तपत्र असेल आणि बाजारपेठ वाढती असेल, असे गाव ते शोधीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात त्यांनी ऑन्टारिओतील वेलंड, सार्निया, वुडस्टॉक अशा गावांची वृत्तपत्रे घेतली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्याकडे १९ वृत्तपत्रे झाली. कॅनडातील दैनिकांच्या मालकांनी त्यांना आपल्या संघटनेचे अध्यक्षही निवडले.

या सर्व वृत्तपत्रांचा कारभार ते एका शिस्तीने पाहत. वर्ष सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक वृत्तपत्राने अंदाजपत्रक तयार करावे, असा त्यांचा नियम होता. कागद किती लागेल, जाहिराती किती मिळतील, पगारावर काय खर्च होईल, हे सारे आधी मांडावे लागे. मग प्रत्यक्ष जमाखर्च त्या आकड्यांशी ताडून पाहत. आकडे चुकले, तर मालकाकडून विचारणा होई. एखाद्या दूरच्या गावचे व्यवस्थापक आपला हिशेब विसरत. पण थॉमसन यांच्या तो ध्यानात असे.

हिशेबाच्या बाबतीत इतका कठोर असणारा हा मालक लेखनाच्या बाबतीत मात्र दूर उभा राहत असे. अग्रलेखात कोणाचा पुरस्कार करावा, कोणावर टीका करावी, कोणती बातमी कोठे छापावी, हे त्यांनी संपादकांवर सोपविले होते. त्यांच्या मालकीची दोन वृत्तपत्रे एकाच निवडणुकीत दोन निराळ्या पक्षांना पाठिंबा देत, तरी ते हरकत घेत नसत. आपल्या वृत्तपत्रांचा पाठिंबा कोणालाही विकत मिळणार नाही आणि लेखनाचा अधिकार संपादकाचाच आहे, अशा आशयाचे छापील कार्ड ते खिशात बाळगीत. कोणी त्यांच्या वृत्तपत्रातील मजकुराविषयी तक्रार घेऊन आला किंवा अनुकूल मजकुरासाठी गळ घालू लागला, की ते हे कार्ड पुढे करीत. ज्या काळी कित्येक धनिक आपली मते लोकांच्या गळी उतरविण्यासाठी वृत्तपत्रे चालवीत, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

तथापि त्यांच्या कारभाराला दुसरी बाजूही होती. काटकसर हा गुण खरा; पण तो मर्यादेबाहेर गेला की त्याचा दोष होतो. थॉमसन यांच्या लहान वृत्तपत्रांत माणसे थोडी असत व पगार बेताचे असत. अशा ठिकाणी बातमीदाराला एखाद्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन शोध घेण्यास सवड मिळत नसे. संपादकाला मत मांडण्याचे स्वातंत्र्य होते; पण ते स्वातंत्र्य वापरण्यास पुरेशी माणसे व पुरेसा पैसा त्याच्यापाशी नेहमीच असे, असे नाही. नफा गावातून निघे आणि नव्या वृत्तपत्राच्या खरेदीकडे जाई. कॅनडातील अनेक जाणत्या लोकांनी याबद्दल त्यांच्यावर टीका केली व ती निराधार नव्हती.

१९५१ साली एडनाबाई निवारल्या. पस्तीस वर्षांची सोबत संपली. १९५३ साली थॉमसन कॅनडाच्या लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले, पण त्यांना हार पत्करावी लागली. मुलगा केनेथ कर्ता झाला होता. साठीला आलेल्या माणसाने आता विश्रांती घ्यावी, असे कोणासही वाटले असते. परंतु त्याच वर्षी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील ‘द स्कॉट्समन’ हे दैनिक विक्रीस असल्याचे त्यांना कळले. १८१७ साली निघालेले हे पत्र स्कॉटलंडमध्ये फार प्रतिष्ठित मानले जाई. थॉमसन यांनी ते विकत घेतले, कॅनडातील वृत्तपत्रांचा कारभार मुलावर सोपविला आणि समुद्र ओलांडून ते पूर्वजांच्या भूमीत राहावयास आले.

एडिंबरोच्या लोकांनी त्यांचे स्वागत थंडपणाने केले. हा परका मनुष्य मोकळेपणाने पैशाच्या गोष्टी बोलतो, हे तेथील प्रतिष्ठितांना रुचत नसे. आपल्या मानाच्या वृत्तपत्राचे आता काय होणार, अशी त्यांना चिंता वाटे. त्या पत्राच्या पहिल्या पानावर तोवर जुन्या रिवाजाप्रमाणे लहान लहान जाहिराती छापल्या जात. १९५७ साली तो रिवाज मोडून पहिल्या पानावर बातम्या येऊ लागल्या. जाहिरातींवर ज्याचा एवढा जीव, त्याच्याच कारकिर्दीत त्या मागच्या पानांवर गेल्या, हे पाहून पुष्कळांना नवल वाटले. परंतु वाचक आधी बातमी शोधतो, ही गोष्ट थॉमसन यांना टिमिन्सपासून ठाऊक होती.

याच सुमारास ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली होती. पहिल्या काही महिन्यांत तिच्या कंपन्यांना जबर तोटा आला. त्यामुळे स्कॉटलंडसाठी असे केंद्र काढावयाचे ठरले, तेव्हा धनिक लोक मागे सरले. थॉमसन यांनी अनेकांना भागीदार होण्याची विनंती केली. पण फार थोडे तयार झाले. अखेर सुमारे चार-पंचमांश भांडवल त्यांना स्वतःलाच उभे करावे लागले. नॉर्थ बे येथील अनुभव त्यांच्या पाठीशी होता. गावच्या माणसाला गावचा आवाज ऐकावासा वाटतो, तसे स्कॉटलंडच्या माणसाला स्कॉटलंडचे चित्र पाहावेसे वाटेल, याची त्यांना खात्री होती. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी ग्लासगो येथील एका जुन्या नाट्यगृहातून ‘स्कॉटिश टेलिव्हिजन’ सुरू झाले. थोड्याच काळात त्यातून अमाप नफा मिळू लागला. ज्यांनी भागीदारी नाकारली होती, त्यांना हळहळ करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. एवढे मोठे साधन एका माणसाच्या हाती असू नये, या विचाराने पुढे त्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला.

दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाने त्यांचे बळ वाढले. १९५९ साली त्यांनी लॉर्ड केम्स्ली यांचा वृत्तपत्रसमूह घेतला. त्यात लंडनचे ‘द संडे टाइम्स’ हे साप्ताहिक होते. त्याचप्रमाणे न्यूकॅसल, कार्डिफ, ॲबर्डीन अशा शहरांतील स्थानिक वृत्तपत्रेही होती. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी ‘संडे टाइम्स’बरोबर रंगीत पुरवणी देण्यास सुरुवात झाली. प्रारंभी तिच्यात तोटा आला व जाणकारांनी तिला हसून घेतले. थॉमसन यांनी धीर सोडला नाही. पुढे ती इतकी लोकप्रिय झाली की इतर वृत्तपत्रांनीही तिचे अनुकरण केले. लंडनच्या या मोठ्या पत्राबरोबरच लहान शहरांकडेही त्यांचे लक्ष होते. १९६५ साली त्यांनी इंग्लंडमधील रेडिंग या शहरी नव्या पद्धतीच्या छपाईवर एक सायंदैनिक सुरू केले.

संपत्ती मिळाल्यावर त्यांनी तिचा एक भाग पत्रकारांच्या शिक्षणाकडे वळविला. १९६२ साली त्यांनी ‘थॉमसन फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देश त्या काळी नुकतेच स्वतंत्र झाले होते. तेथे नवी वृत्तपत्रे व नभोवाणी केंद्रे निघत होती. पण शिकलेली माणसे कमी होती. अशा देशांतील पत्रकारांसाठी कार्डिफ येथे, तर दूरचित्रवाणीच्या कामासाठी ग्लासगोजवळ शिक्षणाची सोय करण्यात आली. भारतातील पत्रकारांनीही तिचा लाभ घेतला. ज्याला स्वतःला बातमी लिहिता येत नव्हती, त्याने इतरांना ती लिहिता यावी म्हणून केलेली ही व्यवस्था होती.

१९६४ साली ब्रिटनच्या राणीने त्यांना लॉर्ड ही पदवी दिली. ही पदवी मिळावी, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. तिच्यासाठी त्यांना कॅनडाचे नागरिकत्व सोडावे लागले. जन्मभूमीशी असलेले नाते अशा प्रकारे तोडणे पुष्कळ कॅनेडियनांना आवडले नाही. लॉर्ड झाल्यावरही त्यांची राहणी पालटली नाही. लंडनमध्ये ते कचेरीला जाताना भुयारी रेल्वेने प्रवास करीत. फावल्या वेळी गुप्तहेरांच्या कथा वाचीत. विनाकारण खर्च झालेला त्यांना खपत नसे.

१९६६ साली ‘द टाइम्स’ हे ब्रिटनमधील अत्यंत मानाचे दैनिक आर्थिक अडचणीत आले. थॉमसन यांनी ते घेण्याची तयारी दाखविली. एकाच मालकाच्या हाती इतकी वृत्तपत्रे जाणे लोकांच्या हिताचे आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. सरकारने या प्रश्नाची रीतसर चौकशी करविली. संपादकाचे स्वातंत्र्य अबाधित राहील, अशी हमी थॉमसन यांनी दिली. तोटा आला तर तो आपण व आपला मुलगा स्वतःच्या संपत्तीतून सोसू, असेही त्यांनी मान्य केले. तेव्हा कोठे या व्यवहारास संमती मिळाली. पुढे ‘टाइम्स’मध्ये सतत तोटा येत राहिला. आयुष्यभर प्रत्येक वृत्तपत्राकडून नफ्याची अपेक्षा करणाऱ्या या माणसाने हे एक पत्र मात्र तोटा सोसून चालविले. नफ्याचा हिशेब येथे त्यांनी बाजूला ठेवला, हे त्यांच्या चरित्रातील विशेष होय.

वृद्धपणीही त्यांचे साहस कमी झाले नाही. उत्तर समुद्राच्या तळाशी खनिज तेलाचा शोध घेणाऱ्या कंपन्यांत ते भागीदार झाले. १९७३ व १९७४ साली त्यांना तेथे तेलाचे मोठे साठे सापडले. १९७५ साली त्यांनी साठीनंतरच्या आपल्या आयुष्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ४ ऑगस्ट १९७६ रोजी लंडन येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी कॅनडा, अमेरिका, ब्रिटन इत्यादी देशांत मिळून २०० हून अधिक वृत्तपत्रे त्यांच्या कंपनीच्या मालकीची होती.

त्यांच्यामागे केनेथ थॉमसन कंपनीचे प्रमुख झाले. १९८० साली कंपनीने कॅनडातील एक मोठा वृत्तपत्रसमूह विकत घेतला. त्यात ओटावा शहरातील ‘ओटावा जर्नल’ हे १८८५ साली निघालेले दैनिक होते. ते तोट्यात चालत असल्यामुळे २७ ऑगस्ट १९८० रोजी कंपनीने ते बंद केले. त्याच दिवशी दुसऱ्या एका कंपनीने विनिपेग शहरातील एक दैनिक बंद केले. दोन शहरांतील हजारो वाचक आपल्या नेहमीच्या वृत्तपत्रास एकाएकी मुकले व शेकडो माणसांचे काम गेले. देशभर खळबळ उडाली आणि सरकारला वृत्तपत्रांच्या मालकीविषयी चौकशी आयोग नेमावा लागला. लंडनचे ‘टाइम्स’ही १९८१ साली कंपनीने विकून टाकले. २००० साली तिने आपली गावोगावची वृत्तपत्रे विकण्याचे जाहीर केले. २००८ साली ती रॉयटर्स या प्रसिद्ध वृत्तसंस्थेशी एक झाली. थॉमसन हे नाव मोठे राहिले. पण ज्या लहान गावांच्या आधारावर ते मोठे झाले, त्या गावांची वृत्तपत्रे आता त्या नावाखाली राहिली नाहीत.

रॉय थॉमसन यांचे जीवन असे दुहेरी बोध देते. एकामागून एक धंदे बुडाले तरी ज्याने उमेद सोडली नाही, ज्या ओसाड मुलखाकडे इतरांनी पाठ फिरविली तेथेच ज्याने संधी शोधली आणि मालक असूनही ज्याने संपादकाच्या लेखणीला हात लावला नाही, त्या माणसाचे गुण घेण्यासारखे आहेत. जमाखर्चाकडे दुर्लक्ष करून कोणतेही वृत्तपत्र फार दिवस जगत नाही, हे त्यांनी जगाला पटवून दिले. परंतु गावचे वृत्तपत्र ही नुसती दुकानासारखी वस्तू नव्हे. तेथील लोक त्यातून परस्परांना ओळखतात, आपल्या कारभाऱ्यांना जाब विचारतात व आपली सुखदुःखे एकमेकांस कळवितात. त्याची ही किंमत जमाखर्चाच्या वहीत कोणत्याच रकान्यात मांडता येत नाही. ती किंमत ज्या गावाला कळते आणि जे गाव आपले वृत्तपत्र वाचते, त्याच्या चुका दाखविते व त्याला आधार देते, त्या गावाचा आवाज सहसा बंद पडत नाही.